मागच्या दाराचा खिळा

बातमी आली तेव्हा मी कुडाळ स्टेशनच्या बाकावर बसून शेंगदाणे खात होतो. मेव्हणा मुंबईहून आईला बघायला येणार होता आणि गाडी नेहमीच्या इमानाने उशिरा होती. फोन फिलूचा, म्हणजे माझ्या बायकोचा. "माय गेली," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणसाने काय विचारावं? कशी गेली ते विचारावं, तू ठीक आहेस ना विचारावं, निदान गप्प राहावं. मी विचारलं, "फादर येऊन गेले होते ना?" मरणाच्या दारातल्या माणसाला फादर पवित्र तेल लावून जातात, ती रीत मला आधी आठवली. फिलूने इतकी वर्षं माझ्याबरोबर काढली आहेत, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. "सकाळीच येवन गेले. तेल लावल्यानी, सगळा रीतीन झाला. तू काळजी करू नको," ती म्हणाली, आणि वर जोडलं, "सुमन होती जवळ. तेर्स मात्र अर्धी रवली."

तेर्स म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना, दहा दहा मण्यांचे पाच टप्पे, रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणायची. ती अर्धी राहिली हे ऐकून मला रडू यायच्या आधी हसू आलं, आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आपली पिशवी माझ्यापासून जरा दूर सरकवली. त्यांना काय माहीत? माझ्या सासूबाईंची तेर्स कधी पुरीच व्हायची नाही. फक्त एक वर्ष ती रोज पुरी झाली, आणि ते वर्ष त्यांच्यावर मी आणलं होतं.

सासूबाईंचा जन्म नाताळातला, म्हणून नाव नातालिन, आणि अख्ख्या वाडीला त्या नातालमाय. धामापूरच्या रस्त्याला त्यांचं घर. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या, खुणेचे दगड रोवले, भावाभावांना कुणाचा माड कुठल्या बाजूला ते सांगितलं आणि दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झालो तेव्हा राहायला स्वतःची हद्द नव्हती. मेव्हणा मुंबईत, सासूबाई एकट्या, म्हणून आम्ही दोघं इथे आलो. मला कुणी घरजावई म्हटलं की नातालमाय म्हणायच्या, "घरजावई नाय रे, राखणदार आसा तो. फकत पगार घेता माझ्या हातच्या माशांचो." जावयाला अहोजाहो करायची रीत त्यांनी पहिल्या दिवशीच गुंडाळून ठेवली होती.

मी आलो आणि घरात शिस्त आली. असं मला वाटायचं. तेर्स सात वाजता म्हणजे सात वाजता. मी सांगणार, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, मधे उठायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल कोनाड्यात. मोजणीच्या साखळीची कडी आणि जपमाळेचा मणी मी एकाच हिशेबाने धरत होतो हे आता कळतं. नातालमाय पाय पसरून मागच्या दाराजवळ बसायच्या. दुसरा नाहीतर तिसरा दहा मण्यांचा टप्पा चालू असायचा आणि बाहेरून हाक यायची, "माय, गो माय." शेजारची सुमन. मधे कमरेइतका चिऱ्यांचा गडगा, त्याच्यापलीकडे ती ताट घेऊन उभी. कधी घावणे, कधी कुळथाची पिठी, कधी नुसतीच, सुनेची तक्रार घेऊन. नातालमाय उठायच्या. मागच्या दाराच्या चौकटीला एक खिळा होता. पोचलेल्या मण्यापाशी माळ त्या खिळ्यावर अडकवायच्या, म्हणजे परत आल्यावर तिथूनच पुढे. पण परत यायच्या त्या माझं आमेन झाल्यावर. माळ तशीच लटकत राहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

"माय, देवाशी बोलत असताना मधेच उठून जायचं म्हणजे…" मी एकदा म्हणालो.

"देवाक गडबड नाय आसा रे. सुमनच्या हातातला ताट गरम आसता."

ही सुमन वालावलची लेक, लग्न होऊन शेजारी आली तेव्हा तिला सोलकढीही धड जमत नव्हती म्हणे. सासू कडक, नवरा अबोल. तिला पहिलं बाळंतपण, पहिली भांडणं, पहिली माशांची आमटी हे सगळं गडग्याच्या या बाजूने मिळालं. दोघींच्या वयात एका पिढीचं अंतर, पण ताट जाण्यायेण्यात कधी खंड नव्हता. तो मी पाडला.

त्याचं असं झालं की त्या वर्षी माझ्या अंगात संत संचारला होता. ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासाचा काळ, त्याला आम्ही कोरेज्म म्हणतो. शुक्रवारी मांस खायचं नाही हा साधा नियम. मासे चालतात. मला ते फारच स्वस्त वाटलं. मालवणच्या माणसाने मटण सोडणं यात कसला आलाय त्याग? म्हणून मी पूर्ण कोरेज्मभर मासे सोडले. कोळीण दारात आली की मी डोळे मिटून आत जायचो. पहिल्या आठवड्यात मला फार पवित्र वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी फिलूच्या आमटीत खोट काढली, पोस्टमनशी भांडलो, आणि चर्चच्या दारात उभं राहून प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांकडे घड्याळ दाखवू लागलो. जेवताना मी भेंडीच्या भाजीकडे बघून सुस्कारा सोडला, तेव्हा नातालमायनी आपल्या ताटातल्या बांगड्याचा काटा काढता काढता मान वरही न करता सांगितलं, "तुझ्या तोंडात मासो नाय रे इनास, पण काटे आसत."

फिलू इतकी हसली की तिला ठसका लागला. मी ताटावरून उठून गेलो. बायबलमध्ये अशा छळाचा उल्लेख आहे, असं मनाशी म्हणत गेलो.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सुमनची हाक आली. तेर्स चालूच होती. नातालमायना त्या दिवशी गुडघ्याने सतावलं होतं, त्या उठायला वेळ लावत होत्या, म्हणून मीच माळ बाजूला ठेवून गडग्यावर गेलो. बघा, नियम मोडला तोही नियम सांगण्यासाठी. ताटावर केळीचं पान, पानाखाली वडे आणि कोंबडीचा रस्सा. सुमनकडे राखण होती. म्हणजे जमिनीच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा असतो, त्याचं जेवण. "दादानू, वडे गरम आसत, मायक लगेच वाडा," ती म्हणाली. मी सरकारी मराठीत उत्तर दिलं. चिडलो की मला सरकारी मराठी येते. "सुमन, आज शुक्रवार आहे, त्यात आमचा उपवासकाळ. आणि असलं देवाला दाखवलेलं आम्हाला चालत नाही."

तिने पान नीट सारखं केलं, ताट उचललं आणि गेली.

आत आलो तर नातालमाय खिळ्याजवळ उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. "'असला' म्हणालंस तू तेका?" त्यांनी विचारलं. मी शुक्रवारचं समजावू लागलो. त्या म्हणाल्या, "शुक्रवार माका ठावक आसा. मी ताट घेतलंय असतंय, झाकून ठेवलंय असतंय, शनवारी खाल्लंय असतंय. इतकी वर्षां तसाच करतंय." मग मी राखणदाराचा मुद्दा काढला, की तो त्यांचा, त्यांच्या जमिनीचा, आपला काय संबंध? "राखणदार काय तुझो मोजणीचो नकाशो बघून फिरता?" त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला वाटलं, चला, यांनीही उपास धरला.

त्यानंतर ताट यायचं थांबलं. भांडण नाही, अबोला नाही. रस्त्यात भेटली की सुमन हसायची, "माय बरी मा?" विचारायची. पण गडग्यावर हाक नाही. नाताळात नातालमायनी नेवऱ्या आणि दोदोल असा नाताळचा फराळ भरून ताट स्वतः नेलं. मी खिडकीतून बघत होतो. सुमनने ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ते परत त्यांच्याच हातात दिलं. "माय, दादांका आमचा चलना नाय. मगे तुमचा घेवन मी फेडू खंय?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नातालमाय ताट घेऊन परत येताना गडग्याला धरून जरा उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मला त्या म्हाताऱ्या दिसू लागल्या.

आणि तेर्स? तेर्स रोज पुरी होऊ लागली. मण्यामागून मणी, टप्प्यामागून टप्पा, शेवटच्या आमेनपर्यंत नातालमाय जागच्या हलायच्या नाहीत. मी एवढा दगड, की मी एकदा खूश होऊन म्हणालो, "माय, हल्ली तुमची तेर्स पुरी होते बरं का." त्यांनी माळ पदराच्या टोकात गुंडाळली. "होता खरी. हाक येणा नाय, म्हणान होता." मग त्या मागच्या दारातून गडग्याकडे बघत राहिल्या. "डोळे मिटूच्या आधी एकदा ताट येवक व्हया रे इनास. नायतर वर जावन काय सांगू? तेर्स पुरी केलंय म्हणान?"

मी सुमनकडे जाऊन बोलायचं ठरवलं. दोनदा गडग्यापर्यंत गेलो. एकदा ती गुरांना पाणी दाखवत होती म्हणून परत आलो, एकदा ती मोकळी होती म्हणून परत आलो. दुसऱ्यांची हद्द मोजायला कुणाच्याही अंगणात बेधडक शिरणारा मी, आपल्याच बांधावरून पाय पुढे टाकू शकत नव्हतो.

त्याच थंडीत नातालमाय अंथरुणाला लागल्या. ताप नाही, दुखणं नाही, नुसती अन्नावरची वासना गेली. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, काहीतरी पोटात जायला हवं. पेजेचे दोन चमचे झाले की त्या मान फिरवायच्या. सुमन तेव्हा वालावलला होती, भावजयीच्या आजारपणासाठी महिनाभर माहेरी गेलेली. कोरेज्म पुन्हा आलं. मी पुन्हा मासे सोडले, या खेपेला जरा हळू आवाजात. आणि गुड फ्रायडे उजाडला. वर्षभरातला आमचा सगळ्यात कडक दिवस. प्रभू क्रुसावर मेला तो वार, मांस तर नाहीच, जेवणही एकदाच. फिलू गाणाऱ्यांच्या गटात, ती लवकर गेली. वाडीतली एक मुलगी यायची होती नातालमायजवळ बसायला, ती आली की मी तीनच्या प्रार्थनेला निघणार. पांढरा शर्ट घालून, भांग पाडून तयार होतो.

मागच्या दारात आधी वास आला. मिरी, आलं, आणि कोंबडी. मग सुमन. हातात फडक्यात धरलेला टोप. ती सकाळच्या एसटीने वालावलहून उतरली होती, वाटेत कुणीतरी सांगितलं की नातालमाय काही खात नाही, तशी भावाकडून आणलेली कोंबडी तिने घरी पोचल्या पोचल्या कापली होती. महिनाभर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला कसला वार आणि कसली तारीख. ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि आत न बघता मला विचारलं, "दादानू, मायसाठी अळणी रस केलंय. तिखट नाय. चलता मा?"

चलता मा. वर्षभर हा प्रश्न तिने जपून ठेवला होता, आणि आणून ठेवला तो नेमका माझ्यापुढे, नेमका या दिवशी. मी तोंड उघडलं. "सुमन, आज…" एवढं म्हणालो, आणि आतून आवाज आला. किती दिवसांत एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"इनास, माका बसव."

मी आत गेलो. त्यांना उठवून बसवलं. उशी सरकत होती, म्हणून त्या म्हणाल्या, "उशी नको, तूच धर." मी त्यांच्या पाठीमागे खाटेवर बसलो आणि दोन्ही हातांनी त्यांची पाठ धरली. सुमनने आत येऊन टोपातून वाटीत रस ओतला, फुंकर घालून पहिला चमचा पुढे केला. नातालमायनी तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, मग त्यांनी वाटीच तोंडाला लावायला सांगितली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण प्रत्येक घोट माझ्या तळव्याखालून त्यांच्या पाठीतून खाली उतरताना कळत होता. त्या दिवशी मांसाला शिवायचंही नाही म्हणणारा मी, आणि ते मांस माझ्याच आधाराने पोटात चाललं होतं. वाटी संपली. त्यांनी दुसरी मागितली. सुमनचे डोळे भरले होते आणि ती रागावल्यासारखी म्हणत होती, "सावकाश गो, पळून जाता काय टोप?"

मग तिने माझ्याकडे बघितलं. "दादानू, तुमका देव वाटीभर?"

आता काय सांगू? महिनाभर भेंडी खाल्लेला माणूस मी. जिभेने ‘नको’ म्हणायच्या आधी पोटाने मोठ्यांदा ‘हो’ म्हटलं, दोघींनी ते ऐकलं. आणि नाही म्हणावं तर वर्षापूर्वीचं ताट पुन्हा परत गेलं असतं. मी अडकलो होतो. नातालमायनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तेका आता नको गो, तो प्रार्थनेक निगालोहा, पोट जड होयत. तेचो वाटो झाकून ठेव. उद्या गरम करून खायत." स्वतःचा उपास मोडून त्यांनी माझा सांभाळला. ते कळायला मला चर्चपर्यंतचा रस्ता लागला.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा सगळे उभे होते. त्या दिवशी घंटा वाजत नाही, लाकडी खटखटं वाजतं. शेवटी एकेकाने पुढे जाऊन क्रुसाच्या पायाचं चुंबन घ्यायचं असतं. मी रांगेत उभा राहिलो आणि पुढचा माणूस वळून माझ्याकडे बघू लागला. मग मागचा हुंगू लागला. मी खाली बघितलं. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत वाटीतून सांडलेल्या रसाचा, हळदीचा, चरबीचा ओघळ, आणि दरवळ असा की बहुतेक वरच्या बाकांपर्यंत पोचला असेल. लोकांना वर्षभर घड्याळ दाखवणारा इनास गुड फ्रायडेला कोंबडी जेवून आला होता. फिलूने गाण्याच्या पुस्तकावरून बघितलं आणि तिचा सूर चुकला. मी एक कणही खाल्ला नव्हता हे मी ओरडून सांगू शकलो असतो. सरकारी मराठीत सांगू शकलो असतो. पण सांगायचं म्हणजे ती वाटी कुणी प्यायली तेही सांगणं आलं. मी बाही न दुमडता पुढे गेलो, वाकलो, आणि मनात आलं, की ज्याच्या पायाशी वाकलोय त्याला तरी हा वास ओळखीचा असेल. तोही कुणाच्याही घरी जेवायचा म्हणूनच बोलणी खायचा.

तो दिवस कोणता ते सुमनला कळलं संध्याकाळी, तिच्या सुनेने सांगितल्यावर. ती धावत गडग्यावर आली. "माय गो, माका बोलाक व्हया होता. असल्या दिवशी…"

"बोललंय असतंय तर तू टोप परत घेवन गेली असतंस," नातालमाय आतून म्हणाल्या. "आता उद्याचा बोल. उद्या काय करतंस?"

"तोंड बघा म्हातारेचा," सुमन म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी ताट आलं.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ बसून माझा झाकून ठेवलेला वाटा खात होतो. उपासकाळ संपायला अजून रात्र होती, पण मासे सोडण्याचा नियम माझा मीच केला होता आणि त्यात कोंबडी कुठेच नव्हती, अशी मोजणीदाराची पळवाट मी काढली. खाता खाता विचारलं, "माय, याआधी कधी गुड फ्रायडेला…?"

"कदी नाय. समजूक लागल्यापासून नाय. तुझो सासरो गेलो त्या वर्सा तापान फणफणलेलंय, तरी नाय."

"मग काल?"

त्यांनी माझ्याकडे, शुद्ध मराठीत नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "काल कोंबडी नाय इल्ली रे. काल सुमन इल्ली."

मी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "फादरना सांगणार?"

"सांगतलंय. तेका पण वरसातसून एकदा बरा काय आयकाक गावूक व्हया."

नंतर त्या उठल्या नाहीत, पण जेवू लागल्या. उन्हाळा गेला, सगळा पावसाळा ताटं येत राहिली, पावसात वर पत्र्याचा तुकडा धरून. सातच्या तेर्सला माळ त्यांच्या हातात असायची, हाक आली की त्या मला खूण करायच्या, आणि मी, तेर्स सांगणारा मी, उठून त्यांची माळ त्यांच्या मण्यापाशी खिळ्यावर अडकवायचो. त्या सकाळीही तसंच झालं होतं. फादर गेल्यावर त्यांनी संध्याकाळची वाट न बघता माळ हातात घेतली, सुमनची हाक आली, फिलूने माळ अडकवली. सुमन आत येऊन हात धरून बसली… आणि तेवढ्यातच.

आमच्यात मयताच्या हातात जपमाळ देतात. मी ती खिळ्यावरून काढायला गेलो आणि थबकलो. अर्धी तेर्स हातात देऊन कसं पाठवायचं? आधी उरलेली आपण म्हणून पुरी करू, असं मी सुचवलं. असले प्रश्न मलाच पडतात. फिलू रडता रडता म्हणाली, "रवांदे थंयच. ती तशीच बरी दिसता." मग मेव्हण्याने आणलेली नवी कोरी माळ त्यांच्या हातात दिली. आमच्या घरात चूल पेटायची नव्हती, पेज गडग्यावरून आली. मेव्हण्याबरोबर मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, पेज आणणारी ही कोण? मी सांगितलं, राखणदार.

गेल्या शुक्रवारी तेर्स चालू होती. आता फिलू आणि मी दोघंच. तिसरा टप्पा, आणि बाहेरून, "दादानू." सुमन आता मला हाक मारते. फिलूने माझ्याकडे बघितलं, मी उठलो, माझी पांढरी माळ नातालमायच्या लाकडी माळेशेजारी खिळ्यावर अडकवली आणि गेलो. अळूवड्या होत्या. सुनेविषयी थोडं होतं, तेही ऐकलं. परत येऊन खिळ्यावरची माळ काढली, बसलो, बोटाला लागलेल्या मण्यापासून फिलूच्या मागून म्हणू लागलो. चार-पाच मणी पुढे गेल्यावर बोटाला कळलं, हे लाकूड आहे. घाईत त्यांची माळ काढली होती. जिथे फिलूने त्या सकाळी अडकवली होती, तिथूनच मी पुढे निघालो होतो.

परत ठेवणार होतो. मग म्हटलं, आता निघालोच आहोत तर पुरी करून टाकू. चौथा टप्पा संपला, पाचवा सुरू झाला, शेवटचे थोडे मणी राहिले असतील.

"दादानू, ओ दादानू, लिंबू द्यायचा रवला."

फिलू हसायला लागली. मी उठलो, आणि माळ त्या मण्यापाशी खिळ्यावर अडकवून ठेवली.